प सा ग ध : पहिलं युकुलेले घेताना

घरात पेटी असेल तर उघडा. पांढरी एक हा सा धरा आणि मधल्या सप्तकातले चार सूर या क्रमाने वाजवा : प, सा, ग, ध. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा म्हणजे हेच चार सूर, अगदी याच क्रमाने. वरून खाली अंगठा फिरवला की आधी पंचम वाजतो, मग सूर एकदम खाली उतरतो षड्जावर, तिथून चढत गंधार आणि धैवत. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये यालाच जी-सी-ई-ए म्हणतात. तंबोऱ्याचीही सुरुवात बहुधा पंचमाने होते आणि मग षड्ज येतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण भजनी मंडळात पेटी वाजवून अर्धं आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्यानेच या परक्या वाद्याशी घरोबा करून दिला.

दुकानातल्या गोष्टी सोडून सुरांपासून सुरुवात करतोय, त्याला कारण आहे. पहिलं युकुलेले घ्यायला जाणारी माणसं रंग बघतात, लाकडाची चकाकी बघतात, सोबत पिशवी फुकट मिळते का ते विचारतात. वाद्य सुरात आहे का, हे मात्र दुकानदाराने वाजवून दाखवलं त्यावरच सोडून देतात. हे चार सूर डोक्यात असले तर पाच मिनिटांत तुमचं तुम्हालाच कळतं, आणि दुकानदारालाही कळतं की समोरच्याला कळतंय.

आमच्या वसईत गाणं दोन वाटांनी घरात येतं. चर्चच्या गायनवृंदात वाढलेल्या मुलांना कॉर्ड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गिटार त्यांच्या घरातल्या भिंतीवर टांगलेलीच असते. भजनात किंवा हरिपाठात वाढलेल्यांना सरगम येते, पण कॉर्ड म्हटलं की ते दचकतात. युकुलेलेवर या दोघांनाही आठवड्याभरात काहीतरी वाजवता येतं. धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवा आणि बाकी तीन तारा मोकळ्या सोडा. वाजतं : प, सा, ग आणि वरचा सा. झाला सी मेजर. एका बोटात कॉर्ड देणारं तंतुवाद्य माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

पोर्तुगीज म्हटलं की वसईकराला आधी किल्ला आठवतो. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मागे पाव, बटाटा, चावी, पगार असे शब्द राहिले. या वाद्याचं मूळही पोर्तुगीजच, पण ते आपल्याकडे न येता भलत्याच दिशेला गेलं. मदेइरा बेटावरून हवाईच्या ऊसमळ्यांत कामाला निघालेली माणसं 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून ऑगस्ट १८७९मध्ये होनोलुलूला उतरली. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मदेइरातल्या 'मशेत' या चार तारांच्या चिमुकल्या वाद्यावरून त्यांनी हवाईतल्या कोआ लाकडात जे घडवलं, ते तिथल्या राजाला, कालाकाउआला आवडलं आणि दरबारात पोचलं. युकुलेले या नावाचा तिथे सर्रास सांगितला जाणारा अर्थ आहे 'उड्या मारणारी पिसू'. वाजवणाऱ्याची बोटं बघून कुणीतरी ठेवलेलं नाव असावं, असं म्हणतात. आज स्वस्त युकुलेलेंवर कोआसारखं जे सुंदर रेषांचं लाकूड दिसतं, ते पुष्कळदा लाकडाचा फोटो छापलेला पातळ थर असतो. त्याने आवाज बिघडत नाही, पण त्याचे जास्त पैसे मात्र मोजू नका.

आता माप. युकुलेले चार मापांत मिळतं. सोप्रानो साधारण २१ इंच लांब, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांच्या आसपास. पहिल्या तिघांचे सूर एकच, वर सांगितलेले. बॅरिटोनचे वेगळे असतात. ते गिटारच्या शेवटच्या चार तारांसारखं लागतं, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ त्याच्यावर जुळणार नाहीत. सहा-सात वर्षांच्या पोराला सोप्रानो. मोठ्या माणसाला, विशेषतः ज्याची बोटं जाड आहेत त्याला, माझं मत सरळ आहे : कॉन्सर्ट घ्या. सोप्रानोवर पडदे इतके जवळ असतात की दोन बोटं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि दोष आपला की वाद्याचा ते कळत नाही. टेनरचा आवाज भरदार, पण त्याच पैशांत टेनर थोडं हलक्या दर्जाचं मिळतं. गिटार येणाऱ्याने टेनर घ्यायला हरकत नाही. पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावलेल्या गिटारच्या खालच्या चार तारा समजा, हात आपोआप बसतो. फक्त चौथी तार उलटी, वरच्या सप्तकातली.

कॉन्सर्टचा आणखी एक फायदा विरार लोकलचा प्रवासीच समजू शकेल. पिशवीत घातलेलं २३ इंचांचं वाद्य डोक्यावरच्या रॅकवर दोन डब्यांच्या पिशव्यांमध्ये बसतं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये गिटार घेऊन चढलेला माणूस मी एकदा पाहिला होता. बोरिवली येईपर्यंत गिटारपेक्षा मला त्याचीच काळजी लागली होती.

आता एक अडचण सांगतो, जी मराठी गाणी वाजवू पाहणाऱ्यालाच येते आणि परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. चार मोकळ्या तारांत सगळ्यात खालचा सूर म्हणजे सा. पंचमाची तार वरच्या बाजूला असली तरी तिचा सूर षड्जाच्या वरचा आहे. म्हणजे पांढरी एक पट्टीत मंद्रातला नी, ध, प या वाद्यावर नाहीतच. आपले अभंग, भावगीतं सारखी सा-च्या खाली उतरतात, आणि तिथे बोटं हवेत राहतात. माझी पुतणी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आली होती, "काका, माझं गाणं अर्धंच वाजतं." तिची चूक नव्हती.

याला दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा : सा बदला. गंधाराच्या तारेवर पहिल्या पडद्यावर पांढरी चार येते, तिला सा माना. आता मोकळी षड्जाची तार होते मंद्र पंचम, आणि धैवताच्या तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत गेलात की तार गंधार मिळतो. मंद्र प ते तार ग, एवढ्यात बहुतेक भावगीतं मावतात. पांढरी चार पुरुषांना जरा चढी वाटेल, बायकांना उतरती. गाणारी काळी चारमध्ये गात असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा आणि बोटं तीच ठेवा. दुसरा उपाय, चौथी तार बदलून 'लो जी' म्हणजे मंद्र पंचमाची जाड तार चढवणं. सूर वाजवायची, म्हणजे गाण्याची चाल काढायची आवड असेल तर हा उपाय उत्तम. पण जाड तारेला मानेच्या टोकाच्या पट्टीतली, म्हणजे नटमधली, खाच अरुंद पडू शकते, ती थोडी घासून घ्यावी लागते. हे काम दुकानात करून घ्या, घरी कानशीने नको. आणि लो जी लावल्यावर कॉर्डचा तो टिचकीसारखा हसरा आवाज थोडा गंभीर होतो, हेही लक्षात असू द्या. मींड, गमक यांची आशा मात्र धरू नका. पडदे पक्के आहेत आणि सूर पटकन विरतो. ते या वाद्याचं काम नव्हे.

दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी असू द्या : मोबाइलवर सूर दाखवणारं ट्यूनरचं ॲप, आणि पाकिटात तीन-चार एटीएम किंवा तशीच प्लॅस्टिकची कार्डं. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. शनिवारी संध्याकाळी गर्दीत वाद्य घेऊ नये, आवाजच ऐकू येत नाही.

आधी दुकानदाराला सुरात लावून मागा. ॲपवर एक फसगत होते, ती सांभाळा. पुष्कळ ॲप नुसतं अक्षर दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत. त्यामुळे पंचमाची तार एक सप्तक खाली लावली तरी ॲप खूश, आणि तार मात्र दोरीसारखी लोंबते. उलट कुणी घाबरून तिला आणखी वर पिळतो आणि तार तुटते. पेटीचा मधला पंचम कानात असला की ही चूक होत नाही. एक सूचना पेटीवाल्यांसाठी : जुन्या पेट्या ॲपच्या मापाला नेमक्या जुळतीलच असं नाही. सोबत वाजवायचं असेल तर युकुलेले पेटीला लावा, ॲपला नव्हे.

सुरात लागलं की ॲप बाजूला ठेवा आणि कानाने हे तपासा. षड्जाच्या तारेवर चौथा पडदा दाबा, शेजारच्या मोकळ्या गंधाराशी जुळला पाहिजे. गंधाराच्या तारेवर तिसरा पडदा मोकळ्या पंचमाशी, पाचवा मोकळ्या धैवताशी. षड्जाच्या तारेवरचा बारावा पडदा आणि धैवताच्या तारेवरचा तिसरा पडदा, दोन्ही वरचा सा, एकच सूर. मोकळ्या तारा बरोबर असून दाबलेले सूर चढे येत असतील, तर ते वाद्य कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या. त्यावर शिकणारं मूल वर्षभर बेसूर ऐकेल आणि बेसूरच गाईल. स्वस्त वाद्यांत हा दोष सर्रास असतो. आमच्या घरी आलेलं पहिलं युकुलेले ऑनलाइन मागवलेलं होतं, निळं, चकचकीत. त्याचा पहिला पडदा जवळजवळ पाव सुराने चढा होता. ते आता पुतणीच्या खोलीत शोभेला आहे.

सूर चढण्याचं नेहमीचं कारण असतं नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खाली येतात. खाच उथळ असली की तार पडद्यांपासून उंच राहते, दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. बोटंही दुखतात. आता कार्ड काढा. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. पहिल्या पडद्यावर तारेखाली ते आडवं सरकवा. तार किंचित उचलली गेली तर ठीक. कार्ड खालून मोकळेपणाने जात असेल आणि वर फटही दिसत असेल तर नट उंच आहे. मग बाराव्या पडद्याशी जा. तिथे तीन ते चार कार्डांची थप्पी, म्हणजे साधारण सव्वादोन ते तीन मिलिमीटर, हे अंतर बरं. याहून जास्त असेल तर हात लवकर थकतो. फारच कमी असेल तर तार पडद्याला घासून झणझणते. म्हणून चारही तारांवर प्रत्येक पडदा एकेकदा वाजवून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण पन्नासेक टिचक्यांत होतं.

मानेच्या कडेने बोट वरून खाली फिरवा. पडद्यांची टोकं बोटाला खुपत असतील तर पोरांच्या बोटांना ओरखडे पडतील. घोडीच्या, म्हणजे ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा घालून बघा. आत जात असेल तर डिंक सुटायला लागलाय. खुंट्या दाते असलेल्या, म्हणजे गिअरच्या, असाव्यात. काही सोप्रानोंवर नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या असतात. त्या जुन्या पद्धतीच्या म्हणून काहींना आवडतात, पण नवशिक्याला त्या सारख्या सुटल्याचा त्रास होतो. भोकातून आत बघा, सांध्यांवर डिंकाचे ओघळ फार असतील तर कारागिराने घाई केली आहे असं समजा.

लाकडाबद्दल दुकानात सगळ्यात जास्त बोलतात आणि पहिल्या वाद्याला त्याचा सगळ्यात कमी उपयोग. सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी एकाच लाकडाची, लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेली. फरक ओळखायचा तर भोकाच्या कडेला बघा. वरच्या रेषा कडेतून सरळ आत उतरल्या असतील तर सॉलिड, प्लायवूडसारखे थर दिसले तर लॅमिनेट. सॉलिडचा आवाज खुलतो हे खरं. पण आम्ही अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरवर राहणारी माणसं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमच्या दारांच्या कड्या बसत नाहीत, मग अशी फळी तरी कशी सरळ राहणार? लाकूड पाणी पितं, फुगतं, वरची फळी पोट काढते आणि तारा उंच होतात. हिवाळ्यात ते पुन्हा आकसतं. लॅमिनेटमध्ये थर एकमेकांना आडवे धरून असल्यामुळे हे कमी होतं. म्हणून वसई-विरारच्या हवेत पहिलं वाद्य लॅमिनेटच घ्या, असं मी बेलाशक सांगतो. समुद्रावर न्यायचं असेल तर फ्लाइटसारख्या कंपन्या पाठीमागे प्लॅस्टिकचं शरीर असलेली, आणि एन्यासारख्या कार्बन फायबरच्या मिश्रणाची वाद्यं बनवतात. आवाज थोडा कोरडा, पण पावसाची भीती कमी.

युकुलेलेचा इथे आणखी एक लाभ आहे. त्याच्या तारा नायलॉनच्या किंवा तत्सम कृत्रिम पदार्थाच्या असतात, त्या गंजत नाहीत. पोलादी तारांच्या गिटारला खारी हवा दोन महिन्यांत तांबूस करते. पण पडदे आणि खुंट्यांचे दाते धातूचेच आहेत. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात वाद्य पिशवीत घालून सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट कपाटात ठेवा, ओल्या भिंतीला टेकून नको. फुगलं म्हणून उन्हात वाळवायला ठेवू नका, त्यात डिंक सुटतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवल्यावरही तेच होतं.

तारांवरून आठवलं. वाद्य दोन हजारांचं असो की आठ हजारांचं, काहीशे रुपयांच्या चांगल्या तारा त्याचा आवाज जितका बदलतात, तितका दुसऱ्या कशाने बदलत नाही. इटलीच्या अक्विला कंपनीच्या तारा सहज मिळतात, त्या चढवा. फ्लुओरोकार्बनच्या तारा थोड्या बारीक आणि उजळ. या फ्लुओरोकार्बनचं नातं मासेमारीच्या दोरीशी आहे, आणि पाचूबंदर-नायगावच्या कोळीवाड्यांतल्या कुणाला वाटेल, मग घरातलं तंगूस का नको? साधं तंगूस नायलॉनचं असतं, हलकं. फ्लुओरोकार्बन जड. त्यामुळे त्याच जाडीच्या तंगुसात तो ताण येत नाही. प्रयोग म्हणून करून बघा, वाद्य बिघडणार नाही.

पैशांचं म्हणाल तर दीड हजाराच्या खालचं बहुतेक खेळणं समजा. दोन ते चार हजारांत केडन्ससारख्या भारतीय कंपन्यांचं कॉन्सर्ट, नीट तपासून घेतलं तर उत्तम चालतं. काला या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची सुरुवातीची वाद्यं त्याहून वरच्या किमतीला. माझ्याकडे चार हजार असतील तर तीन हजारांचं वाद्य घेईन आणि उरलेले तारा बदलायला आणि नट घासून घ्यायला ठेवीन. किटमध्ये मिळणारा पट्टा, खुळखुळा, पुस्तिका यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आवाज मोठा करायचं पिकअप पहिल्या वर्षी लागत नाही.

वसई, नालासोपारा, विरारच्या वाद्यांच्या दुकानांत गिटार, ढोलकी, पेट्या भरपूर दिसतात, युकुलेले भिंतीवर मोजकीच. तीच तपासून मनासारखं मिळालं तर उत्तम, कारण नट घासायला परत जायला जवळ. नाहीतर एक दुपार काढा आणि चर्चगेटची गाडी पकडा. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला चालत जाता येतं. तिथलं फुर्तादोस १८६५पासूनचं आहे. पाच-सहा युकुलेले एकापाठोपाठ एक हातात घेऊन वाजवल्याशिवाय कान तयार होत नाही. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर परत करायची मुदत किती ते बघा, आणि पार्सल उघडल्याच्या दिवशीच कार्डांची तपासणी करा, मुदत संपायच्या आदल्या दिवशी नव्हे.

घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस ते सारखं उतरेल. लावा, पाच मिनिटांत पुन्हा उतरेल. ही वाद्याची खोड नसते, नव्या तारा ताणल्या जात असतात. दिवसातून चार वेळा लावा. प्रत्येक वेळी खालून वर आणून सुरावर थांबा, चढं गेलं तर आधी खाली उतरवून पुन्हा वर या, म्हणजे खुंटी पकड सोडत नाही. माझी पुतणी ते करताना प, सा, ग, ध गुणगुणायची, आणि दहाव्या दिवशी तिने ॲप न उघडताच तारा लावल्या. पेटीवर तपासलं तर धैवत किंचित उतरलेला होता. तो मी लावून दिला नाही, तिलाच सांगितलं, अजून थोडा वर.